चिनी शाळेला हक्काची जागा

आज जरा लांबची गोष्ट सांगणार आहे, अमेरिकेतली. पण ती जागेची आहे, आणि जागेचं दुखणं आपल्या गटांना नवं नाही. कुणाच्या पडवीत बैठक, कुणाच्या घरी लोखंडी पेटी, आणि त्या घरात लग्न निघालं की आपण सतरंजी उचलून देवळात.

माझी मामेबहीण वॉशिंग्टनला असते, म्हणजे अमेरिकेच्या राजधानीत. तिचा मुलगा तिथे चिनी भाषेच्या शाळेत शिकला. एक दिवस सगळं इंग्रजीतून, दुसऱ्या दिवशी सगळं चिनीतून. मी हे ग्रामसंघाच्या बैठकीत सांगितलं तर बायका हसायलाच लागल्या. मराठी पोरगं, अमेरिका देश आणि चिनी शाळा! आमच्या अध्यक्षताईंनी मात्र विचारलं, "फी किती?" म्हटलं, फी नाही, सरकारच्या पैशावर चालते. अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. त्यावर त्या म्हणाल्या, "मग इमारत कुणाची?"

या प्रश्नानं मला कामाला लावलं. जे वाचलं, बहिणीला विचारलं, ते आज सांगते.

अशा शाळांना तिथे चार्टर शाळा म्हणतात. चार्टर म्हणजे सनद, करारपत्र. काही पालक, शिक्षक एकत्र येतात, मंडळ नोंदवतात आणि सरकारला सांगतात की आम्ही अशी अशी शाळा चालवू, मुलांकडून फी घेणार नाही. सरकार ठरावीक वर्षांची सनद देतं आणि पटावरच्या मुलांप्रमाणे पैसे देतं. काम नीट झालं नाही तर सनद जाते. याचा पहिला कायदा मिनेसोटा राज्यानं १९९१ साली केला. त्याच राज्यात २००६ साली यिंगहुआ अकादमी ही देशातली पहिली चिनी माध्यमाची चार्टर शाळा निघाली. बहिणीच्या मुलाची शाळा यू यिंग, ती २००८ सालची.

चिनी म्हणजे चीनची प्रमाण भाषा, मंदारिन. ती तासाला पुस्तक उघडून शिकवत नाहीत, गणितसुद्धा तिच्यातूनच शिकवतात. सीमेपलीकडून आलेली कानडी सून आपल्या घरात वर्षभरात मराठी बोलायला लागते ना, कारण चुलीपाशी दुसरं काही कानावर पडतच नाही, तसंच हे.

आता इमारत. नेहमीच्या सरकारी शाळेची इमारत तिथल्या शिक्षण मंडळाची असते. चार्टर शाळेला मुलांमागे पैसे मिळतात, पण इमारत बहुतेक ठिकाणी तिची तिनं शोधायची. म्हणून सुरुवात कुठे होते? चर्चच्या मागच्या खोल्यांत, बंद पडलेल्या चर्चच्या शाळेत, कधी रिकाम्या कचेरीत. भाडं द्यायचं, आणि तेही मुलांच्या शिक्षणासाठी आलेल्या पैशातून.

भाषेच्या शाळेचं दुखणं आणखी वेगळं आहे, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ही शाळा छोट्या मुलांपासून सुरू होते आणि दरवर्षी एकेक वर्ग वाढतो. यंदा सहा खोल्या पुरल्या तर पुढच्या वर्षी आठ लागणार. मालकाकडे वाढवायला जागा नसली की शाळा उठली. शाळा पाच-सात मैल लांब गेली की काही पालकांना मूल नेणं-आणणं जमत नाही, ते नाव काढतात. साध्या शाळेत चौथीतली दोन मुलं गेली तर दुसरी दोन येतात. इथे चौथीत नवीन मूल घ्यायचं तर त्याला चार वर्षांचं चिनी कुठून येणार? ती जागा बहुधा रिकामीच राहते. मूल गेलं की त्याच्यामागचे पैसे गेले, पैसे गेले की भाडं जड झालं. एका स्थलांतराची किंमत पुढे कितीतरी वर्षं भरावी लागते. त्यामुळे कायमची जागा ही त्यांच्यासाठी हौस नाही.

मग कर्ज काढून घ्यावी म्हटलं तर बँक विचारते, तुमची सनद किती वर्षांची? कॅलिफोर्नियात पहिली सनद जास्तीत जास्त पाच वर्षांची मिळते. वॉशिंग्टनमध्ये पंधरा वर्षांची, तीही दर पाच वर्षांनी तपासतात. इमारतीचं कर्ज पंचवीस-तीस वर्षांचं. उद्या सनदच गेली तर हप्ते कोण भरणार? बँकेचं चुकतं असंही म्हणता येत नाही. आपल्या गटालाही पहिल्याच महिन्यात कुणी कर्ज दिलं नाही. आधी पंचसूत्री, बैठका, बचत, वह्या, परतफेड, मग प्रतवारी आणि मग बँक. मिनेसोटात तर कायद्यातच लिहिलंय. शाळेला स्वतःची इमारत घ्यायची तर ती सलग सहा वर्षं चाललेली हवी, खात्यावर शिल्लक हवी आणि पुढच्या पटाचा आराखडा हवा. तेव्हाही शाळा स्वतः इमारत घेत नाही. तिच्याशी जोडलेली वेगळी बिनानफ्याची संस्था घेते आणि शाळेला भाड्यानं देते. त्या भाड्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मदत राज्य करतं, मुलामागे ठरलेल्या मर्यादेत. यिंगहुआ सेंट पॉल शहरातून शेजारच्या मिनियापोलिसला गेली.

कॅलिफोर्नियात लोकांनी २००० साली मतदानानं एक कायदा करून घेतला. आपल्या भागातली पुरेशी मुलं चार्टर शाळेत असतील तर शिक्षण मंडळानं त्या शाळेला इतर शाळांच्या तोडीची जागा द्यायची. ऐकायला छान. पण अर्ज दरवर्षी नव्यानं, आणि मिळणारी जागा पुष्कळदा दुसऱ्या शाळेच्या आवारातल्याच काही खोल्या. मैदान वाटून घ्या, जेवणाच्या वेळा वाटून घ्या. दोन्हीकडचे पालक नाराज. जुन्या शाळेतल्या आयांना वाटतं, आमची वाचनाची खोली गेली. त्यांचं खोटं आहे असं मला वाटत नाही. एका स्वयंपाकघरात दोन जावांचे दोन संसार कसे चालतात हे आपण जाणतोच.

वॉशिंग्टनमध्ये कायदा असा की सरकारी शाळेची इमारत रिकामी ठरली तर ती आधी चार्टर शाळांपुढे ठेवायची. शिवाय भाड्या-बांधकामासाठी दर मुलामागे वर्षाला तीन हजार डॉलरच्या वर वेगळी रक्कम मिळते. पण इमारती रिकाम्या का झाल्या हेही बघा. एकट्या २००८ साली त्या शहरानं २३ शाळा बंद केल्या. ज्या वस्तीची शाळा गेली तिथल्या आईला नव्या शाळेची पाटी बघून काय वाटलं असेल? आपल्याकडेही वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा दुसऱ्या शाळेत मिसळायची चर्चा चालते, तेव्हा हे मनात येतंच. आणि सरकारच्या पैशातून घेतलेली इमारत, शाळा बंद पडली तर कुणाची, यावर तिथेही वाद आहेत.

यू यिंग २०११ साली शहराच्या ईशान्य भागात कायमच्या आवारात गेली. खालच्या वर्गांचा प्रश्न सुटला. पण पाचवी झाली की मुलं जाणार कुठे? चिनीतून सहावी-सातवी शिकवणारी शाळा हवी. एकट्या यू यिंगची मुलं किती असणार? तेवढ्यासाठी प्रयोगशाळा, मैदान, बारावीपर्यंतचे शिक्षक परवडत नाहीत. अशीच अडचण शहरातल्या आणखी चार भाषांच्या शाळांची होती. त्यात स्पॅनिश शिकवणाऱ्या होत्या, एक फ्रेंचही शिकवणारी. त्या पाचही जणी एकत्र आल्या आणि सहावी ते बारावीसाठी सगळ्यांची मिळून एक शाळा काढली, डीसी इंटरनॅशनल.

मैत्रिणींनो, हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. हा तर ग्रामसंघ झाला! पाच गट आपापली बचत चालवतात आणि एकेकटीला न पेलणारं काम वर संघ करतो.

ती शाळा २०१४ साली सुरू झाली, तीही आधी तात्पुरत्या जागेतच. कायमची जागा त्यांनी शोधली वॉल्टर रीड या जुन्या लष्करी दवाखान्याच्या आवारात. दवाखाना २०११ साली तिथून हलला होता. आवारात डेलानो हॉल नावाची विटांची मोठी इमारत होती, परिचारिकांच्या राहण्याची. ती दुरुस्त करून २०१७ साली शाळा तिथे गेली. जुनी इमारत घेणं म्हणजे स्वस्तातला सौदा नव्हे बरं. तिथे जुन्या इमारतींच्या रंगात शिसं निघू शकतं, छतात घातक तंतू निघू शकतात. अपंग मुलांसाठी उतार हवा, लिफ्ट हवी. सकाळी गाड्यांची रांग लागणार म्हणून शेजाऱ्यांची समजूत घालायची. हे सगळं मुलं आत यायच्या आधी.

माझा भाचा आता तिथेच आहे. चिनी तासाला चिनी, डब्याच्या सुट्टीत स्पॅनिशवाल्या मुलांबरोबर इंग्रजी आणि घरी आजीशी व्हिडिओवर मोडकंतोडकं मराठी. बहीण म्हणते, आता बारावीपर्यंत शाळा कुठे जाणार हा घोर नाही.

मी हे सगळं बैठकीत सांगितलं. अध्यक्षताई शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पाच शाळा एकत्र गेल्या म्हणून त्यांना एवढी इमारत मिळाली. आपण नऊ गट आहोत आणि अर्ज मात्र एकेकटीनं करतोय." खरं होतं ते. जुन्या समाजमंदिराशेजारच्या खोलीसाठी आमच्या तीन गटांनी तीन वेगवेगळे अर्ज दिले होते. आता ग्रामसंघाचा एकच ठराव केला आहे, नऊ गटांच्या सह्यांचा. खोली नक्की ग्रामपंचायतीच्याच नावावर आहे का, हे पाहायला नमुना ८ चा उतारा मागितला आहे. उतारा सोमवारी मिळणार आहे आणि ग्रामसभा त्याच महिन्यात आहे.