खेळ पोरांचा, नावं-पत्ते घरादाराचे

एप्रिल संपत आला की आपल्या वऱ्हाडात भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि अमरावती त्याच्या मागोमाग. अशा उन्हात पोरांना बाहेर पाठवायची कोणाची छाती होणार? मग खिडकीला कूलर, खाली सतरंजी, हातात आईचा नाही तर बाबांचा मोबाईल, आणि संध्याकाळी पाचपर्यंत "मम्मी, फक्त हा एकच डाव!" आपणही म्हणतो, जाऊ दे, घरात तर आहे. कुरडयांचा चीक शिजत असतो, गच्चीवर गहू वाळत असतात, दोन दिवसांवर नणंदबाई मुलांसह येणार असतात. त्या दोन-तीन तासांच्या शांततेची किंमत घरच्या बाईलाच ठाऊक! तेव्हा मैत्रिणींनो, "मुलांच्या हाती मोबाईल देऊ नका" हा उपदेश मी इथे करणार नाही. तो तुम्ही पोटभर ऐकलेला आहे.

मला बोलायचं आहे ते त्या खेळाच्या मागच्या नोंदवहीबद्दल. खेळ सुरू करताना पोराने कुठेतरी एक अर्ज भरलेला असतो. त्यात नाव, जन्मतारीख, ई-मेल, मोबाईल नंबर आणि पासवर्ड आला. खेळातला नवा पोशाख किंवा हिरे विकत घ्यायचे झाले की त्यात कार्ड नाही तर यूपीआयही जोडलं जातं. ही सगळी माहिती खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकात जमा होते. बरं, त्या संगणकातच चोर शिरला तर?

शिरलाय. अगदी मोठ्या घरात शिरलाय. जपानच्या सोनी कंपनीचं 'प्लेस्टेशन' नावाचं खेळयंत्र टीव्हीला जोडून मुलं खेळतात. इंटरनेटवरून जगभरच्या खेळगड्यांशी सामना खेळता यावा म्हणून कंपनीने 'प्लेस्टेशन नेटवर्क' काढलं होतं. २०११ साली १७ ते १९ एप्रिलच्या दरम्यान त्यात चोर शिरले. २० एप्रिलला कंपनीने सगळा कारभार एकाएकी बंद केला. गिऱ्हाइकांना सांगितलं एवढंच, की सेवा बंद आहे, तपास चालू आहे. दोन दिवसांनी बाहेरून कोणी घुसल्याचं कबूल केलं. पण नेमकं काय गेलं ते सांगायला २६ एप्रिल उजाडला. गेलं होतं ते असं : ७ कोटी ७० लाख खात्यांमधली नावं, पत्ते, जन्मतारखा, ई-मेल आणि पासवर्ड. क्रेडिट कार्डांचे नंबर गेल्याचा पुरावा नाही, पण गेले नसतीलच असंही सांगता येत नाही, असं कंपनी म्हणाली. हे वाक्य वाचून किती जणांची झोप उडाली असेल!

आता गिऱ्हाइकांनी काय केलं ते बघा. या सगळ्या प्रकरणात मला हाच भाग फार बोलका वाटतो. पहिले पाच-सहा दिवस ओरड होती ती एकच : "खेळ कधी सुरू होणार?" ईस्टरच्या सुट्ट्या होत्या, लोकांनी नुकतेच नवे खेळ विकत आणलेले, आणि यंत्र घरात ठोकळ्यासारखं पडून! २६ तारखेनंतर सूर बदलला. "चोरी झाली याचा राग नाही, चोर कुठेही शिरतो, पण आठवडाभर गप्प का बसलात?" हा सवाल मग सगळीकडून सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी कॅलिफोर्नियात कंपनीवर दावा दाखल झाला. अमेरिकेच्या एका सिनेटरने कंपनीला खरमरीत पत्र पाठवून उशिराचा जाब विचारला. कित्येकांनी कार्डं रद्द करून घेतली, काहींनी दुसऱ्या कंपनीचं यंत्र घ्यायची भाषा केली. आणि पुष्कळांनी काहीच केलं नाही.

१ मे रोजी टोकियोत सोनीचे काझुओ हिराई आणि आणखी दोन अधिकारी पत्रकारांसमोर उभे राहिले आणि कमरेत वाकून त्यांनी माफी मागितली. ते छायाचित्र जगभर गेलं. (आपल्याकडे असं काही झालं की "आपली सुरक्षितता आमच्यासाठी सर्वात महत्त्वाची आहे" असा संदेश येतो. वाकणं तर सोडाच!) माफीच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या आणखी एका खेळविभागातल्या २ कोटी ४६ लाख खात्यांचीही माहिती गेल्याचं जाहीर झालं.

मे महिन्याच्या मध्यावर अमेरिका-युरोपात सेवा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पुन्हा या म्हणून कंपनीने दोन खेळ फुकट दिले, महिन्याभराची वर्गणी माफ केली. आणि बहुतेक गिऱ्हाईक परत आलं! त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने आपल्या करारात नवं कलम घातलं, की यापुढे गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन आमच्यावर दावा लावायचा नाही. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१३ मध्ये अडीच लाख पौंडांचा दंड झाला. संगणकाची डागडुजी वेळच्या वेळी केली असती तर ही चोरी टळली असती, असं तिथल्या माहिती-आयुक्तांच्या कार्यालयाने बजावलं. अमेरिकेतला दावा २०१४ साली दीड कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला आणि बहुतेकांच्या वाट्याला पुन्हा फुकटचे खेळच आले.

तुम्ही म्हणाल, काय बाई हे लोक! घर लुटलं गेलं आणि यांना खेळाची पडलीय. पण त्यांना हसू नका. कपाटातली पोत गेली की डबी रिकामी दिसते, काळजात धस्स होतं. माहिती चोरीला गेली तरी ती जागच्या जागीच असते. चोराकडे फक्त तिची नक्कल जाते. डोळ्यांना दिसलं ते बंद पडलेलं यंत्र, म्हणून ओरड त्याची झाली. आपल्या किराणावाल्याची उधारीची वही कोणी पळवली असं समजा. तुमचा एक पैसाही गेला नाही. पण कोणाच्या घरी किती माणसं, कोण दर दिवाळीला पंधरा दिवस गावी जातं, कोणाचा मुलगा पुण्याला शिकतो, हे सगळं त्या वहीवरून जाणणाऱ्याला कळतं. मग एक दिवस अनोळखी माणूस फाटकाशी येऊन तुमच्या पोराच्या लाडक्या नावाने हाक मारतो. भीती त्या हाकेची आहे.

आपल्या राज्यातही मोठ्या चोऱ्या झाल्या आहेत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये संगणकी दरोडा पडला. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे उपसले गेले, एकूण ९४ कोटींच्या वर रक्कम गेली. तिथे झळ बँकेला बसली, खातेदारांच्या ठेवींना हात लागला नाही. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातल्या निरनिराळ्या बँकांची मिळून सुमारे ३२ लाख डेबिट कार्डं धोक्यात आली होती. एकट्या स्टेट बँकेने सहा लाखांच्या आसपास कार्डं बदलून दिली. तुमच्यापैकी कोणाचं कार्ड त्या दिवाळीच्या तोंडावर नवं आलं असेल तर कारण कदाचित हेच असेल.

खेळांच्या बाबतीत आपल्या घरांत अडचण निराळीच असते. सोनीचे गिऱ्हाईक बहुतांशी स्वतः कमावते होते, स्वतःच्या कार्डाने खेळणारे. आपल्याकडे खेळतो मुलगा, ई-मेल आईचा, मोबाईल नंबर बाबांचा आणि यूपीआय आजोबांच्या पेन्शनच्या खात्याचं! एका नोंदीत चौघं गुंतलेली. समजा, अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका घरातला सातवीतला मुलगा असा खेळतोय. पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून त्याने आईच्या ई-मेलचाच पासवर्ड खेळालाही लावला. पुढे खेळाची कंपनी फुटली. चोर काय करतो? तो ई-मेल आणि तो पासवर्ड घेऊन दुसऱ्या दारांना लावून बघतो. पहिलं दार ई-मेलचं, तिथून खरेदीच्या दुकानांचं, मग ज्या कागदांचे फोटो कधीतरी ई-मेलने पाठवले होते त्यांचं. २०१९ च्या सप्टेंबरात झिंगा या कंपनीच्या शब्दांच्या खेळातून १७ कोटींवर खात्यांची माहिती गेली. शब्दकोडं सोडवणाऱ्या बाया-माणसांचा तो खेळ! तेव्हा हे फक्त पोट्ट्यांचं दुखणं आहे असं समजू नका.

आणि मग संदेश येतो : "अभिनंदन, तुमच्या खात्यात फुकट हिरे जमा होत आहेत, आलेला नंबर सांगा." नाव बरोबर, खेळातलं टोपणनावही बरोबर. मोठी माणसं फसतात, तिथे बारा वर्षांच्या पोराचं काय? तो नंबर सांगून बसतो. आजोबांच्या खात्यातून सहा हजार जातात. मुलाला ते कळतं, आणि तो गप्प राहतो. आई रागावेल, बाबा मारतील, मोबाईल जाईल. चार दिवसांनी आजोबा बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात तेव्हा घरात वादळ उठतं आणि पोरगं म्हणतं, "म्या काईच नाई केलं!"

हे चार दिवस फार महाग पडतात. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरात, नियम घालून दिला. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, तिसरीकडेच चोरी होऊन पैसे गेले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमच्यावर काहीही भुर्दंड नाही. चार ते सात दिवस लावले तर ठराविक रकमेपर्यंतचा तोटा तुमचा. त्याहून उशीर झाला की बँकेच्या मर्जीवर. आणि ओटीपी आपणच सांगून टाकला असेल तर कळवेपर्यंतचा सगळा तोटा आपल्याच अंगावर. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं! म्हणूनच पोरगं त्याच दिवशी येऊन बोललं तर अर्धं घर वाचतं. सोनीचे गिऱ्हाईक चिडले ते आठवडाभराच्या गप्पपणावर. आपल्या घरात तोच गप्पपणा आपल्या धाकाने येत असेल तर धाक थोडा सैल करायला हवा. "पैसे गेले तर मी ओरडणार नाही, लपवलंस तर ओरडेन," एवढं सुट्टी लागायच्या आधीच सांगून ठेवा, आणि मग शब्द पाळा. पाळणं कठीण आहे, मला ठाऊक आहे!

दुसरी एक गोष्ट बायकांनीच बघायला हवी. खातं तुमच्या नावावर, पण बँकेचा संदेश जातो यजमानांच्या मोबाईलवर. ते कचेरीत, नाही तर कापसाच्या दिवसांत बाजार समितीत. संदेश बघतात रात्री जेवताना. बँकेत जाऊन खात्याला तुमचा नंबर जोडून घ्या. त्यात कोणाचा अपमान नाही.

खेळासाठी पैसे द्यायचेच असतील तर निराळं छोटं खातं ठेवा, पाचशे-हजाराच्या वर त्यात काही नको. पेन्शनचं आणि भिशीचं खातं खेळाला कदापि जोडू नका. ई-मेलचा पासवर्ड दुसऱ्या कशालाही लावायचा नाही. खेळाच्या कंपनीत चोरी झाल्याचं पेपरात आलं तर आधी ई-मेलचा पासवर्ड बदला, मग खेळाचा. आणि पैसे गेल्याचं दिसलं तर त्याच घटकेला १९३० वर फोन करा, मग बँकेला. अमरावतीला पोलीस आयुक्तालय आहे, अकोल्याला जिल्हा पोलीस अधीक्षकांचं कार्यालय; दोन्हीकडे सायबरचं काम बघणारी माणसं आहेत. "पोलिसात कशाला, लोक काय म्हणतील?" हा विचार चोराच्या फार सोयीचा आहे.

कायदा काय म्हणतो? संसदेने २०२३ साली माहिती-संरक्षणाचा कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. चोरी झाली तर कंपनीने ज्याची माहिती गेली त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं, हे त्यात आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला आई-वडिलांची पडताळलेली संमती हवी, हेही आहे. राखण नीट केली नाही तर अडीचशे कोटींपर्यंत दंड. कंपन्यांना तयारीसाठी नियमांत अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. ऐकायला सगळं छान! पण दंड जमा होणार सरकारच्या तिजोरीत. ज्या बाईची माहिती गेली तिला भरपाई द्यायची तरतूद त्या कायद्यात नाही. उलट खोटी किंवा उगाचची तक्रार केली तर तिलाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. सोनीच्या गिऱ्हाइकांना निदान दोन खेळ तरी मिळाले होते.

एक शेवटचं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर देशभर कायद्याने बंदी आली. रमीवाल्या आणि क्रिकेटचा संघ लावायला सांगणाऱ्या ॲपवाल्यांनी पैशांचे खेळ बंद केले, लोकांनी उरलेले पैसे काढून घेतले. पण त्यांच्याकडे ओळखीसाठी दिलेल्या पॅन आणि आधारच्या नकलांचं काय? घरात कोणी, दीर म्हणा, मुलगा म्हणा, यजमान म्हणा, कधी असं खेळलं असेल तर विचारा. मोबाईलमधून ॲप काढलं म्हणजे खातं गेलं असं होत नाही. ॲपमध्ये जाऊन खातं बंद करायची सोय शोधावी लागते, नाही तर कंपनीला ई-मेलने तसं लिहावं लागतं : "माझं खातं बंद करा, माझी माहिती आणि कागद काढून टाका." त्यांचं उत्तर आलं की त्याची एक प्रत छापून घ्या आणि विजेच्या बिलांच्या फायलीत लावून ठेवा.