मालक कोण आणि माल कुठला?

21 ऑगस्ट 2020 ला रेल्वेने 44 वंदे भारत गाड्यांची निविदा रद्द केली आणि ‘चीनला दणका’ अशी चर्चा देशभर रंगली. सहा निविदाकारांपैकी सीआरआरसी-पायोनियर या एकाच कंपनीत परकी भागीदारी होती, तीही चिनी. तेव्हापासून एक समजूत घट्ट बसली आहे: सरकारी खरेदीत कंपनीचा मालक बघतात. आपला असला तर झुकतं माप, परका असला तर बाहेरचा रस्ता.

रेल्वेने त्या दिवशी जाहीर केलेलं मात्र कुणी धड वाचलं नाही. सुधारित ‘मेक इन इंडिया’ खरेदी आदेशानुसार आठवडाभरात नवी निविदा काढू, एवढंच रेल्वेचं म्हणणं होतं. आणि खरेदीत प्राधान्य कुणाला द्यायचं हे ठरवताना हा आदेश मालक कोण हे विचारतच नाही. तो विचारतो, माल कुठला?

15 जून 2017 चा हा आदेश पुढे अनेकदा सुधारला गेला. त्यात पुरवठादारांचे तीन वर्ग आहेत. मालात 50 टक्के किंवा त्याहून जास्त देशी वाटा असेल तर पहिला वर्ग, 20 ते 50 टक्क्यांच्या मधला दुसरा आणि त्याखालचे सगळे बिगरस्थानिक. हिशेब साधा आहे. कर वगळून एखाद्या यंत्राची किंमत 100 रुपये असेल आणि त्यातले आयात भाग सीमाशुल्कासह 60 रुपयांचे असतील, तर देशी वाटा उरतो 40. म्हणजे दुसरा वर्ग, प्राधान्य नाही. वाहतूक, विमा, जोडणी, प्रशिक्षण असे खर्च देशी वाट्यात धरून आकडा फुगवण्याची वाट 2021 च्या खुलाशाने बंद केली. या सगळ्या हिशेबात भागधारकांच्या यादीला कुठेही जागा नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथे व्यापार करणाऱ्या घराण्याने बाहेरून यंत्र मागवलं आणि त्यावर आपली पाटी ठोकली, तर ते घराणं बिगरस्थानिकच ठरतं. उलट परक्या मालकीच्या कंपनीने निम्म्याहून जास्त यंत्र इथे घडवलं, तर ती पहिल्या वर्गात बसते. तरीही ‘आम्ही शंभर टक्के भारतीय कंपनी, आम्हाला डावललं कसं?’ ही तक्रार थांबत नाही.

महाराष्ट्रातल्या मेट्रोंचे डबे पाहिले तरी मालक आणि माल यांची फारकत दिसते. नागपूरचे डबे चिनी सीआरआरसीचे आणि बनलेही चीनमधल्या दालियानला. मुंबईच्या भुयारी मेट्रो-3 चं कंत्राट फ्रेंच अल्स्टॉमकडे, पण तिचे डबे आंध्रातल्या श्री सिटीच्या कारखान्यात तयार झाले. पुणे मेट्रोच्या 102 डब्यांचं काम 2019 मध्ये गेलं टिटागढ फिरेमाकडे. ही इटलीतली कंपनी तेव्हा कोलकात्याच्या टिटागढची उपकंपनी होती आणि बहुतेक डबे बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनवायचे होते. आता यातली ‘देशी’ कुठली, हे नुसत्या नावावरून सांगून दाखवावं.

मग मालकी कधीच बघत नाहीत का? बघतात, पण वेगळ्या नियमाखाली, आणि दोन्हींची खिचडी होते ती इथेच. 23 जुलै 2020 ला वित्त मंत्रालयाने सर्वसाधारण वित्तीय नियमांतला नियम 144 सुधारला. भारताशी जमिनीची सीमा असलेल्या देशातल्या निविदाकाराने आधी सक्षम समितीकडे नोंदणी करायची, अशी अट आली. त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय आणि गृह मंत्रालयाची सुरक्षाविषयक मंजुरी लागते. इथे मात्र माल कुठे बनला याला महत्त्व नाही. नोंदणी भारतात आहे म्हणून सुटका होत नाही. सीमेपलीकडच्या कंपनीची इथली उपकंपनी, तिचा इथला एजंट, तिच्या नियंत्रणातली तिसऱ्या देशातली कंपनी, सगळे कक्षेत येतात. कंपनीच्या बाबतीत 25 टक्क्यांहून जास्त भाग, भांडवल किंवा नफा ज्याच्या हाती, तो खरा लाभधारक धरला जातो. भागीदारीतला एक सदस्य असा निघाला तरी सगळा गट त्यात मोडतो. मालकीवरून वाद झालाच तर तो या 25 टक्क्यांच्या आसपास होतो, कारण एकीच्या मागे दुसरी आणि दुसरीच्या मागे तिसरी कंपनी अशी साखळी उलगडत जावी लागते.

बाकीच्या समजुती थोडक्यात.

‘चीनवर बंदी आहे.’ नियम 144 च्या मूळ आदेशात चीनचं नावही नाही आणि अट नोंदणीची आहे. ज्या शेजाऱ्यांना भारत कर्ज किंवा विकाससाहाय्य देतो, त्यांना त्यातून वगळलं आहे.

‘प्राधान्य म्हणजे सरकार 20 टक्के जास्त मोजतं.’ अजिबात नाही. सर्वांत कमी दर देणारा पहिल्या वर्गातला नसेल, तर 20 टक्क्यांच्या आतल्या पहिल्या वर्गातल्या पुरवठादाराला त्याच कमी दरात माल देता का, असं विचारतात. कामाची विभागणी शक्य असेल तर निम्मं काम त्याला मिळतं.

‘हे जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांविरुद्ध आहे.’ सरकारी खरेदीच्या करारात भारत सदस्य नाही, 2010 पासून निरीक्षक आहे. अमेरिकेत 1933 पासून ‘बाय अमेरिकन’ कायदा आहे आणि तोही वस्तू कुठे बनली हेच पाहतो.

‘मालकीमुळे फायदा कुणालाच होत नाही.’ होतो, पण सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या धोरणात. केंद्राच्या 25 टक्के खरेदीच्या उद्दिष्टात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी आहेत.

‘खोटं लिहून दिलं तरी कोण तपासतं?’ 10 कोटींवरच्या खरेदीत देशी वाट्याला लेखापरीक्षकाचं किंवा परिव्यय लेखापालाचं प्रमाणपत्र लागतं आणि खोटेपणा उघड झाला तर दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत जावं लागतं. सीमेच्या नियमात मालकीचं खोटं प्रमाणपत्र सापडलं, तर कंत्राट तिथल्या तिथे रद्द होऊ शकतं.