ग्लुटाथायोन : बाटलीतले आणि ताटातले

मक्याच्या रानात ॲट्राझिन हे तणनाशक मारल्यावर काय होते, हे आमच्या शेतकरी बांधवांना सांगावयास नको. रुंद पानांचे तण पिवळे पडते, करपते आणि मरते. मका मात्र त्याच रानात, तेच औषध अंगावर घेऊन हिरवागार उभा राहतो. असे का व्हावे? १९७० च्या सुमारास अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ह्याचे कारण शोधून काढले. मका, जोंधळा, ऊस ह्यांच्या पानांत एक द्रव्य असते. ते विषाच्या कणाला जाऊन चिकटते, आणि एकदा चिकटले की विषाची नांगी मोडते. तणातही हे द्रव्य असते, परंतु त्याला विषाशी जोडून देणारी यंत्रणा तणापाशी पुरेशी नसते. म्हणून तण मरते. ह्या द्रव्याचे नाव ग्लुटाथायोन.

हेच द्रव्य आपल्या शरीरातही असते, आणि हल्ली ते गोळ्या, पूड व इंजेक्शन ह्या रूपांत विकले जाते. त्याबद्दल आम्हांला बऱ्याच जणांनी विचारले. एका फवारणी करणाऱ्या तरुणाला सांगण्यात आले होते की, ही गोळी घेतली म्हणजे औषधाचे विष अंगात राहत नाही. एका माउलीला मुलीच्या लग्नाआधी तिला गोरे करण्यासाठी इंजेक्शनांचा कोर्स सुचविण्यात आला होता. एका वृद्ध गृहस्थांनी तर महिन्याच्या औषधपाण्याचे पैसे ह्या बाटलीत घातले होते. तिघांचाही प्रश्न एकच : ह्यात तथ्य किती?

थोडक्यात उत्तर असे. ग्लुटाथायोन खरे आहे आणि त्याचे कामही मोठे आहे. परंतु ते बाजारातून आणून शरीरात भरावयाची वस्तू नव्हे. ते शरीराने घरच्या घरी तयार करावयाचे असते. म्हणून पैसा खर्च करावयाचा तो कच्च्या मालावर करावा.

हे द्रव्य कसे बनते

१८८८ साली द रे-पायाद ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे द्रव्य यीस्टमध्ये प्रथम आढळले. १९२१ साली केंब्रिजचे हॉपकिन्स ह्यांनी त्याला ग्लुटाथायोन हे नाव दिले. नावातील 'थायोन' हा भाग गंधकासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आहे, आणि सारे मर्म त्या गंधकातच आहे.

प्रथिने ज्या लहान घटकांची बनतात त्यांना ॲमिनो आम्ले म्हणतात. ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन अशी तीन ॲमिनो आम्ले जोडली की ग्लुटाथायोन तयार होते. ह्यांपैकी गंधक असतो तो सिस्टीनमध्ये, आणि बहुधा तुटवडा पडतो तोही त्याचाच. शरीरातील प्रत्येक पेशी ग्लुटाथायोन बनविते; सर्वांत अधिक साठा यकृतात असतो.

त्याची कामे मुख्यतः दोन. चूल पेटली की ठिणग्या उडणारच. तसे पेशीत अन्न जळताना काही दाहक कण उत्पन्न होतात. ते विझविणे हे पहिले काम. दुसरे काम मक्याच्या पानातले : औषधे, धूर, रसायने ह्यांच्यातील घातक कणांना चिकटून ते पित्तावाटे व लघवीवाटे बाहेर टाकण्यास मदत करणे.

गोळी पोटात गेल्यावर

आपण गिळलेले ग्लुटाथायोन बहुतांशी जसेच्या तसे रक्तात जात नाही. आतड्यातील आणि यकृतातील विकरे त्याचे तुकडे करतात. मग ते तुकडे डाळीतून किंवा अंड्यातून मिळणाऱ्या ॲमिनो आम्लांप्रमाणेच वापरले जातात. १९९२ साली सात निरोगी माणसांना एकदम ३ ग्रॅम ग्लुटाथायोन देऊन पाहण्यात आले. रक्तातील प्रमाण म्हणण्यासारखे वाढले नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चाळीस जण होते. गोळी घेणाऱ्यांना ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असे चार आठवडे दिले. त्यांच्यात आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत फरक दिसला नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात रोज २५० किंवा १,००० मिलिग्रॅम असे सहा महिने दिल्यावर रक्तातील साठा वाढला. परंतु गोळी बंद केल्यावर महिन्याभरात तो पूर्वीच्या जागी आला. शिवाय रक्तातील आकडा वाढणे आणि माणसाचे दुखणे बरे होणे, ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

हाताखालचे मदतनीस

गवंडी कितीही चांगला असला तरी विटा, पाणी आणि हाताखाली माणसे नसतील तर भिंत उभी राहत नाही. ग्लुटाथायोनचेही तसेच आहे.

प्रथिने : ह्या विटा. डाळी व कडधान्यांत गंधकयुक्त ॲमिनो आम्ले कमी असतात, पण लायसीन हे दुसरे ॲमिनो आम्ल भरपूर असते. जोंधळा, तांदूळ, गहू ह्यांत नेमके उलट. म्हणून भाकरीबरोबर आमटी आणि भाताबरोबर हुलग्यांचे कळण ही आपल्या आजी-पणजींची जोडी शास्त्राला धरून आहे. नुसता भात किंवा नुसती भाकर-चटणी खाऊन ही जोडी जुळत नाही. अंडी, मासे, दूध ह्यांतून सिस्टीन चांगले मिळते. कांदा-लसणातही गंधक आहे. परंतु त्याने प्रथिनांची जागा भरून निघत नाही.

ब-६ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम : शरीर मेथिओनीन ह्या ॲमिनो आम्लापासूनही सिस्टीन बनवू शकते, पण त्यास ब-६ लागते. पुढे तिन्ही विटा जोडताना मॅग्नेशियम लागते. केळी, बटाटे, कडधान्ये, मासे ह्यांतून पहिले, आणि नाचणी, पालेभाज्या, शेंगदाणे ह्यांतून दुसरे मिळते.

ब-२ जीवनसत्त्व, म्हणजे रिबोफ्लेविन : हा मदतनीस फार महत्त्वाचा. ग्लुटाथायोन एकदा कामी आले की त्याचा जोर संपतो. त्याला पुन्हा कामास योग्य करणारे विकर ब-२ वाचून चालत नाही. हे नाते इतके पक्के आहे की, शरीरात ब-२ किती आहे हे डॉक्टर तांबड्या रक्तपेशींतील ह्याच विकरावरून मोजतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतही ही परीक्षा वापरून संशोधन झाले आहे. ओठांचे कोपरे चिरणे, जीभ लाल होऊन झोंबणे ही ब-२ च्या तुटीची नेहमीची लक्षणे. दूध, ताक, अंडी, हिरव्या पालेभाज्या ह्यांतून ते मिळते. मात्र उन्हाने ते नाश पावते. म्हणून दूध उघड्या भांड्यात उन्हात ठेवू नये.

क जीवनसत्त्व : हे स्वतः ठिणग्या विझविते, त्यामुळे ग्लुटाथायोनवरचा भार हलका होतो. १९९३ सालच्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिल्यावर तांबड्या पेशींतील ग्लुटाथायोन जवळजवळ निम्म्याने वाढले. मात्रा २,००० मिलिग्रॅम केली तरी त्याहून अधिक लाभ झाला नाही. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. परसात पेरू, आवळा, लिंबू आणि शेवगा असणाऱ्याने ह्यासाठी दुकानात जाण्याचे कारण नाही.

सेलेनियम : ग्लुटाथायोन वापरून ठिणगी विझविणाऱ्या मुख्य विकरात हे मूलद्रव्य असते, हे १९७३ साली कळले. ते अगदी सूक्ष्म प्रमाणात लागते आणि धान्यात जमिनीतून येते. चीनमधील केशान भागात जमिनीत सेलेनियम फार कमी, तेथे मुले व तरुण स्त्रिया हृदयाच्या विकाराने दगावत. उलट पंजाबात नवांशहर व होशियारपूर जिल्ह्यांतील काही जमिनींत ते इतके अधिक आहे की, तेथील चारा खाऊन जनावरांचे खूर झडले आणि माणसांची नखे व केस गळाले. तेव्हा सेलेनियमची गोळी कोणाच्या सांगण्यावरून चालू करू नये. मोठ्या माणसास दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते.

जेथे जिवाशी गाठ आहे

तापाची गोळी : पॅरासिटामॉल आपल्या प्रत्येक घरात असते. तिच्यातून यकृतात थोडे विष तयार होते आणि ग्लुटाथायोन ते निकामी करते. गोळ्या प्रमाणाबाहेर गेल्या की साठा संपतो आणि यकृत जळू लागते. फसवे असे की, पहिल्या दिवशी माणूस ठीक वाटतो. नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. इस्पितळात ह्यावर एन-ॲसिटिल सिस्टीन देतात. शरीराला सिस्टीन पुरवून ते ग्लुटाथायोन नव्याने तयार करू देणे, ही त्या उपायाची किल्ली होय. पहिल्या आठ तासांत दिल्यास त्याचा उत्तम गुण येतो. म्हणून 'उद्या पाहू' असे न म्हणता लगेच निघावे. धडधाकट मोठ्या माणसाने चोवीस तासांत ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची मर्यादा ओलांडू नये, आणि सर्दीच्या गोळ्यांतही पुष्कळदा हेच औषध असते हे ध्यानी ठेवावे. रोज दारू पिणाऱ्याचा साठा आधीच खालावलेला असतो. त्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये.

फवारणी : ऑर्गनोफॉस्फरस जातीची कीटकनाशके मज्जातंतूंच्या एका विकरावर घाला घालतात. ग्लुटाथायोनची गोळी तेथे ढाल होऊ शकत नाही. घाम, लाळ, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या, दम लागणे अशी लक्षणे दिसताच अंगावरचे कपडे काढावेत, साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन इस्पितळ गाठावे. तेथे ॲट्रोपिन देतात. हातमोजे, तोंडावर योग्य मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे, वाऱ्याच्या दिशेने फवारणी आणि जेवणापूर्वी हात धुणे, हीच खरी ढाल. गोळी घेतली म्हणून मोजे काढून ठेवणारा माणूस गोळी न घेणाऱ्यापेक्षा अधिक धोक्यात असतो.

गोरेपणाचे इंजेक्शन : फिलिपाइन्स देशाच्या औषध प्रशासनाने २०१९ साली अशा इंजेक्शनांविरुद्ध जाहीर इशारा दिला. यकृत, मूत्रपिंड व मज्जासंस्था ह्यांना इजा आणि त्वचेची गंभीर प्रतिक्रिया हे धोके त्यात सांगितले आहेत. सावळ्या मुलीत दुरुस्त करण्याजोगे काही नसते, हे घरातील वडीलमाणसांनीच आधी मानले पाहिजे.

जी-सिक्स-पीडीची उणीव : काही कुटुंबांत हे विकर जन्मतःच कमी असते आणि म्हणून तांबड्या पेशींत ग्लुटाथायोन पुन्हा कामास योग्य होत नाही. अशा माणसाने हिवतापावरील प्रायमाक्वीन घेतले तर पेशी फुटतात, कावीळ होते, लघवी काळपट होते. कोणत्याही आहाराने ही उणीव भरत नाही. घरात कोणास असे झाले असेल तर गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना आठवणीने सांगावे. क जीवनसत्त्वाची मोठ्या मात्रेची इंजेक्शनेही अशा माणसास अपायकारक ठरू शकतात.

त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही एवढेच सुचविले की, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे प्रथम आणावीत. मग बाटलीचे जे पैसे उरतील त्यांत महिनाभर रोज अंडे किंवा पेलाभर दूध किती दिवस येते, ह्याचा हिशेब घरच्यांना घेऊन बसून करावा. आमच्या वाचकांनीही तो करून पाहावा. ताटात भाकरीशेजारी आमटी, वर पालेभाजी, जेवणानंतर एखादा पेरू आणि संध्याकाळी दारूच्या गुत्त्याकडे न वळलेली पावले एवढे जमले, तर यकृत आपले ग्लुटाथायोन बिनबोभाट बनवीत राहील.