अमेरिकेत पक्षाचं तिकीट मतदार ठरवतात! एका राज्याने बायडेन यांचा डाव कसा सावरला? समजून घ्या

निवडणूक आली की आपल्याकडे पहिली चर्चा तिकिटाची. कोणाला मिळणार, कोणाचं कापणार, हे पक्षाचे वरिष्ठ ठरवतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट मात्र मतदारांच्या हातात असतं. त्यासाठी बहुतेक राज्यांत जी निवडणूक होते, तिला 'प्रायमरी' म्हणतात.

प्रायमरी म्हणजे नेमकं काय?

यात एकाच पक्षाचे इच्छुक एकमेकांविरुद्ध उभे राहतात. राज्ये वेगवेगळ्या तारखांना मतदान घेतात. मिळालेल्या मतांनुसार इच्छुकाच्या वाट्याला त्या राज्यातले प्रतिनिधी येतात. पुढे पक्षाच्या अधिवेशनात हे प्रतिनिधी उमेदवार निवडतात. डेमोक्रॅटिक पक्षात एक अट आहे. साधारण 15 टक्क्यांच्या खाली मतं मिळाली, तर प्रतिनिधी मिळत नाहीत.

साऊथ कॅरोलिनात काय घडलं?

2020 साली जो बायडेन यांची सुरुवात फारच वाईट झाली. आयोवात ते चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आणि नेवाडात दुसरे आले. आता हे माघार घेणार, अशी चर्चा सुरू झाली होती. त्यातच 29 फेब्रुवारीला साऊथ कॅरोलिनात मतदान आलं. इथे डेमोक्रॅटिक प्रायमरीला येणाऱ्या मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय असतात. मतदानाच्या तीन दिवस आधी तिथले वजनदार कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडेन यांना उघड पाठिंबा दिला.

निकाल असा लागला:

• जो बायडेन: 48.7 टक्के मतं, 39 प्रतिनिधी
• बर्नी सँडर्स: 19.8 टक्के मतं, 15 प्रतिनिधी
• टॉम स्टायर: 11.3 टक्के मतं, प्रतिनिधी शून्य

अब्जाधीश स्टायर यांनी जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला होता. पण 15 टक्क्यांची अट काही पार झाली नाही. त्याच रात्री त्यांनी मैदान सोडलं. बायडेन याआधी 1988 आणि 2008 च्या निवडणुकीसाठीही उतरले होते, पण प्रायमरी जिंकण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

एका निकालाने वारं फिरलं

पुढच्या दोन दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुचर यांनी माघार घेऊन बायडेन यांना पाठिंबा दिला. 3 मार्चला एकाच दिवशी 14 राज्यांत मतदान झालं. त्यातली 10 बायडेन यांनी जिंकली. पुढे तिकीट मिळालं आणि राष्ट्राध्यक्षपदही.

गंमत म्हणजे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत याच साऊथ कॅरोलिनाने ट्रम्प यांना कौल दिला. म्हणजे तिथल्या डेमोक्रॅट मतदारांचं मत राष्ट्राध्यक्ष निवडताना कामी आलं नाही, पण उमेदवार ठरवताना तेच निर्णायक ठरलं. डेमोक्रॅटिक पक्षाने त्याची दखल घेतली. 2024 साली पक्षाच्या अधिकृत वेळापत्रकात पहिला मान साऊथ कॅरोलिनाला मिळाला.