शेवाळ खरवडले, फॉस्फेटचे काय?

दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी पहिले तीन-चार महिने दृष्ट लागावी इतकी देखणी असते. निळा प्रकाश, जांभळट खडक, त्यावर डोलणारी प्रवाळे आणि मधूनच सुळकन जाणारे मासे. मग एके दिवशी खडकाच्या कडेला हिरवी लव दिसते. पंधरा दिवसांत तिचे केस होतात आणि महिन्याभरात प्रवाळाच्या बुडाशी चक्क गुंतवळ जमा होते. टाकीचा मालक खडक घासतो, थोडे पाणी बदलतो, टाकी पुन्हा लख्ख दिसते. तीन आठवड्यांत गुंतवळ परत हजर. मग दुकानातून शेवाळनाशकाची बाटली येते. ताप उतरवायची गोळी रोज घ्यायची, पण ताप का येतो हे तपासायचे नाही, तसाच हा प्रकार.

शेवाळ हा आजार नव्हे, ते लक्षण आहे. त्याला वाढायला प्रकाश, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. प्रवाळखडक असलेल्या स्वच्छ समुद्रात एक लिटर पाण्यात फॉस्फेट जेमतेम ०.०१ ते ०.०२ मिलिग्रॅम असते. प्रवाळाने या गरिबीतच संसार थाटला आहे. त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न देते आणि त्याच्याकडून पोषकद्रव्ये घेते. घरच्या टाकीत फॉस्फेट लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान राहिले तर बहुतेक जाणकार समाधानी असतात. त्याहून ते बरेच वाढले की दोन गोष्टी होतात. बाहेरच्या शेवाळाला मेजवानी मिळते आणि प्रवाळाचा सांगाडा ज्या कॅल्शियम कार्बोनेटचा बनतो, त्याचे स्फटिक जमण्यात फॉस्फेट अडथळा आणते. प्रवाळाची वाढ मंदावते आणि शेवाळ त्याच्या अंगावर चढते.

समुद्रात शेवाळाला आवर घालणारे आणखीही कोणी असते. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे काळे सी-अर्चिन एका साथीत प्रचंड संख्येने मेले. हे प्राणी शेवाळ चरून खडक मोकळा ठेवत. जमैकाभोवती शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच घटले होते आणि चक्रीवादळांनी प्रवाळे मोडली होती. १९७७ मध्ये तिथल्या खडकांवर सुमारे ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळांचा होता, तो १९९३ पर्यंत ३ टक्क्यांवर आला. शेवाळाने व्यापलेला भाग मात्र ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेला. टाकीत शंख, सी-अर्चिन किंवा शेवाळ खाणारे मासे ठेवतात ते याच कारणासाठी. पण बंद टाकी म्हणजे समुद्र नव्हे. शंखाने खाल्लेल्या शेवाळातले बरेचसे फॉस्फेट त्याच्या विष्ठेतून त्याच पाण्यात परत येते.

मग ते मुळात येते कुठून? मुख्यतः तोंडावाटे, म्हणजे माशांच्या खाद्यातून. साधा हिशेब करून पाहावा. कोरड्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. ३०० लिटरच्या टाकीत रोज २ ग्रॅम खाद्य पडले, तर २० मिलिग्रॅम फॉस्फरस आत गेला. फॉस्फेटच्या भाषेत ते सुमारे ६१ मिलिग्रॅम झाले. माशांच्या अंगी लागलेला वाटा सोडला आणि समजा निम्मेच पाण्यात उरले, तरी एका दिवसात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमची भर पडते. आठवड्याला १० टक्के पाणी बदलल्याने ०.५ ची पातळी ०.४५ होते, इतकेच. भरती रोजची आणि ओहोटी आठवड्यातून एकदा, अशा घरात पाणी कधी उतरायचे?

मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करूनही जेवणातून आलेला सगळा फॉस्फरस निघत नाही, म्हणून त्यांना पथ्य सांगावे लागते. साम्य इथेच संपत नाही. माणसाच्या शरीरातला सुमारे ८५ टक्के फॉस्फरस हाडांत आणि दातांत असतो, रक्तात अगदी थोडा. मूत्रपिंडाच्या आजाराच्या सुरुवातीच्या काळात रक्ततपासणी नॉर्मल येते, कारण शरीर संप्रेरकांच्या जोरावर ती पातळी कशीबशी धरून ठेवत असते. टाकीत हाडांच्या जागी खडक असतात. तेही कॅल्शियमचेच. ते पाण्यातले फॉस्फेट धरून ठेवतात आणि पातळी खाली आली की हळूहळू सोडतात. म्हणून पाणी बदलल्यावर घेतलेला आकडा चांगला येतो आणि चार दिवसांनी पुन्हा चढतो. काही वेळा चाचणी शून्य दाखवते आणि शेवाळ तर कमरेइतके. अशा वेळी किट खोटे बोलत नसते. फॉस्फेट पाण्यात नसते, शेवाळाच्या पोटात गेलेले असते.

फॉस्फेट पकडणारी औषधेही दोन्हीकडे सारखीच आहेत. टाकीच्या गाळणीत लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी दाणे ठेवतात. डायलिसिसच्या रुग्णाला जेवताना चघळायला देतात त्यातली एक गोळी लोहाच्याच संयुगाची असते. टाकीत लँथॅनम क्लोराइडचे थेंब सोडतात आणि रुग्णाला लँथॅनम कार्बोनेटची गोळी देतात. तत्त्व एकच, फॉस्फेटला न विरघळणाऱ्या रूपात बांधायचे. पण वैद्यकाला यातून एक जुना धडाही मिळाला आहे. पूर्वी याच कामासाठी अॅल्युमिनियमचे औषध वर्षानुवर्षे दिले जाई. ते शरीरात साठून हाडांवर आणि मेंदूवर परिणाम होतो असे लक्षात आल्यावर ते मागे पडले. फॉस्फेट बांधणारे औषध पथ्याला पर्याय नसते आणि ते बेताने घ्यावे लागते.

टाकीसाठीही उपचाराचा क्रम असाच असावा. आधी खाद्य कमी करावे. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच टाकावे. गोठवलेले खाद्य वितळल्यावर गाळणीत धुऊन ते पाणी फेकून द्यावे. बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना नळाचे नव्हे, आर.ओ. आणि डीआयोनायझरमधून काढलेले पाणी वापरावे. प्रोटीन स्किमर, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी सेंद्रिय घाण फेसाच्या रूपात वर आणणारे यंत्र, नियमित साफ करावे. हाताने उपटलेले शेवाळ पाण्यात सुटू न देता बाहेर टाकावे. त्याच्यासोबत फॉस्फेटही बाहेर जाते.

या शेवटच्या गोष्टीचा कल्पक उपयोग वॉल्टर एडी या शास्त्रज्ञाने केला. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत प्रवाळखडकाची छोटी प्रतिकृती सांभाळताना त्याने टाकीच्या बाहेर उथळ पन्हाळीत जाळी ठेवली, तिच्यावर भरपूर प्रकाश सोडला आणि तिथे मुद्दाम शेवाळ वाढवले. ठरावीक दिवसांनी ते खरवडून फेकायचे. शेवाळ वाढणारच असेल तर ते आपण सांगू तिथे वाढू द्यावे, हा त्यामागचा विचार. आज अनेक जण टाकीखालच्या वेगळ्या कप्प्यात कीटोमॉर्फा नावाचे समुद्री शेवाळ वाढवून हेच साधतात.

एवढे करूनही आकडा उतरला नाही तरच लोहाचे दाणे वापरावेत, तेही शिफारशीच्या निम्म्या प्रमाणात सुरू करून. लँथॅनम तर अगदी सावकाश, बारीक गाळणपिशवीतून सोडावे लागते, नाहीतर पाणी दुधाळ होऊन माशांच्या कल्ल्यांना इजा होऊ शकते. आकडा शून्यावर आणण्याचा हट्टही घातक ठरतो. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अत्यल्प असेल तर प्रवाळ उष्णतेचा आणि प्रकाशाचा ताण सोसू शकत नाही, पांढरे पडते, असे ब्रिटनमधील साउदम्प्टनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. शिवाय अशा उपाशी टाकीत डायनोफ्लॅजेलेट्सचा तपकिरी, चिकट थर माजण्याची भीती असते. तो हटवणे शेवाळापेक्षा कठीण.

लालसर बुळबुळीत थर दिसला की काही जण माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या टाकीत विरघळवतात. थर जातो, पण फॉस्फेट तिथेच राहते, उपयोगी जिवाणू मरतात आणि ते पाणी गटारात गेल्यावर औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंना वाट मिळते. हा मार्ग टाळावा.

साफसफाई करणाऱ्याने स्वतःलाही जपावे. झोअँथिड या बटणासारख्या प्रवाळांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. असा खडक गरम पाण्यात उकळल्याने किंवा ब्रशने जोरात घासल्याने ते वाफेतून आणि तुषारांतून श्वासात जाते. परदेशांत अशा सफाईनंतर अख्खी कुटुंबे ताप, खोकला आणि श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात दाखल झाली आहेत. म्हणून खडक कधीही उकळू नये, हातमोजे आणि चष्मा घालावा. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये. क्षयाच्या जंतूचा एक पाण्यातला भाऊबंद अशा जखमेतून शिरतो आणि काही आठवड्यांनी बोटावर, मनगटावर न भरणाऱ्या गाठी येतात. डॉक्टरांना घरात फिश टँक असल्याचे आवर्जून सांगावे. नेहमीच्या मलमांनी त्या बऱ्या होत नाहीत, योग्य औषध काही महिने घ्यावे लागते.

टाकीशेजारी एक वही ठेवावी. रोजचे खाद्य, आठवड्याचा फॉस्फेटचा आकडा आणि खरवडून काढलेले शेवाळ, एवढ्याच तीन नोंदी. मधुमेही साखरेची वही ठेवतो तशी. दोन महिन्यांत ती वही सांगेल की दोष पाण्याचा, खडकाचा की खाद्य टाकणाऱ्या हाताचा. बहुतेक घरांत उत्तर तिसरे निघते आणि त्यावरचा उपाय फुकट असतो.