नुसत्या नावावर गाव तगत नाही

स्कॉटलंडमधलं कॅम्पबेलटाउन हे व्हिस्कीचं जुनं गाव. एकोणिसाव्या शतकात इथे वीसहून अधिक भट्ट्या होत्या. 1930च्या दशकात दोनच उरल्या. अमेरिकेतली दारूबंदी, मंदी ही कारणं होतीच. पण मागणी वाढली तेव्हा घाईने काढलेल्या मालाने गावाचं नावही बिघडलं होतं. 1828पासूनची स्प्रिंगबँक ही भट्टी मात्र टिकली. जव फरशीवर पसरून मोड आणण्यापासून बाटली भरण्यापर्यंतचं सगळं काम ती आजही तिथेच करते आणि पाहुणे ते बघायला येतात. म्हणजे गावाला तारते ती जपलेली रीत.

हाच धडा बीडच्या सीताफळालाही लागू पडतो. त्याला 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बालाघाटच्या खडकाळ माळावरचं हे फळ पिकलं की दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, म्हणून शेतकरी मिळेल त्या भावाला ते विकून मोकळा होतो. गर काढणं, बी वेगळी करणं, गर गोठवणं ही कामं धारूर-अंबाजोगाईकडे झाली आणि लोकांना बघता आली, तरच मानांकनाचा पैसा गावात राहील. कुणी म्हणेल, दारूने घरं उद्ध्वस्त होणाऱ्या जिल्ह्याला दारूच्या गावाचा दाखला कशाला? आक्षेप रास्त आहे. पण घ्यायची आहे ती शिस्त, दारू नव्हे. गोठवायला वीज आणि भांडवल लागतं, हेही खरं. म्हणूनच हे काम एकट्या शेतकऱ्यावर न सोडता शेतकरी उत्पादक कंपन्यांनी उचलावं आणि प्रतीबाबत तडजोड करू नये.