वयवंदना कार्ड आले म्हणून आई-वडिलांची पॉलिसी बंद करायची का?

दौलताबाद आणि आसपासच्या गावांत, शहरातल्या विहारांत आरोग्य योजनांची माहिती द्यायला आम्ही जातो, तेव्हा अलीकडे तरुण मुले-मुली एकच प्रश्न विचारतात. "आई-बाबांचं सत्तरीचं कार्ड निघालं. आता खाजगी पॉलिसीचा हप्ता कशाला भरायचा?"

प्रश्न रास्त आहे. सत्तरीनंतर हप्ता दरवर्षी वाढतो आणि घरात कमावणारा बहुतेक वेळा एकच असतो. पण घाईने घेतलेला हा निर्णय उलटवता येत नाही. सरकारी योजनेत सत्तरीनंतर केव्हाही जाता येते. सोडलेल्या खाजगी पॉलिसीत मात्र पूर्वीच्या अटींवर परत येता येत नाही. सगळा हिशोब या एका गोष्टीवर करायचा आहे.

सरकारकडून काय मिळते?

आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये सुरू झाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ती ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना खुली झाली. उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागत नाही. वय आधार कार्डावरून ठरते. ई-केवायसी झाली की वयवंदना कार्ड मिळते. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मोफत होतात. जुना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. कुटुंब आधीपासून आयुष्मान भारतच्या यादीत असेल, तर सत्तरीच्या ज्येष्ठांना हे ५ लाख वेगळे मिळतात. पण नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून आहे.

सत्तरीच्या आतल्यांसाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ती सुरू झाली. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व शिधापत्रिकाधारकांना तिच्यात दर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे.

दोन्ही योजनांच्या मर्यादाही समजून घ्या. उपचार फक्त यादीतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या आजारांवर होतात. काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. यादीबाहेरच्या दवाखान्यात बिल भरून नंतर पैसे परत मागता येत नाहीत. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या आणि बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च यात बसत नाही.

परतीची वाट अरुंद का?

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घेण्याची ६५ वर्षांची मर्यादा काढून टाकली. त्यामुळे ७२ वर्षांच्या आईलाही अर्ज करता येतो. पण अर्ज स्वीकारण्याचे बंधन कंपनीवर नाही. वैद्यकीय तपासणीनंतर ती नकार देऊ शकते किंवा जास्त हप्ता मागू शकते. पॉलिसी मिळालीच, तरी आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधेरोपण यांनाही असाच प्रतीक्षा काळ असतो. म्हातारपणी नेमक्या याच उपचारांची गरज पडते.

एका विमा कंपनीतून दुसरीत जाताना मागची वर्षे जमेस धरली जातात. त्याला पोर्टेबिलिटी म्हणतात. सरकारी योजनेतून खाजगी कंपनीकडे येताना ही सोय नाही. तिथे घड्याळ शून्यापासून सुरू होते. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू असली, तर माहिती लपवल्याचे कारण देऊन कंपनी दावा नाकारू शकत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पॉलिसी खंडित झाली की हे संरक्षणही जाते.

दोन्ही ठेवता येतात का?

खाजगी पॉलिसी असलेल्यांना वयवंदना कार्ड काढता येते. कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयसीत असलेल्यांनाही येते. त्यासाठी काहीही सोडावे लागत नाही.

केंद्र सरकारच्या सीजीएचएसचे किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसचे लाभार्थी असतील, तर मात्र दोन्हींपैकी एकच निवडावे लागते. हा पर्याय एकदाच मिळतो. आपल्या समाजात महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले, केंद्राच्या नोकरीतून पेन्शनीत आलेले बरेच लोक आहेत. ईसीएचएस आणि सीजीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधेही मिळतात. आयुष्मानमध्ये ती नाहीत. त्यामुळे शिबिरात रांग लागली म्हणून या आजोबांचा अंगठा घेऊ नका. आधी विचारा, मग नोंदणी करा.

वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांसाठीही एक गोष्ट. किमान पाच वर्षे ईएसआयसीत असलेला कामगार वयोमानानुसार निवृत्त झाला, तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवू शकतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना, १९४३ मध्ये, प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपवला गेला. त्यातूनच पुढे १९४८ चा कायदा आला. तो हक्क १२० रुपयांच्या माहितीअभावी सुटू नये.

मग निर्णय कसा घ्यायचा?

पहिले, वय ७० च्या आत असेल तर पुढच्या कार्डाच्या भरवशावर पॉलिसी आज सोडू नका.

दुसरे, आधी कार्ड हातात घ्या. घाटी रुग्णालय किंवा जवळच्या यादीतल्या खाजगी रुग्णालयात जाऊन आरोग्यमित्राला विचारा: आमच्या आईच्या या आजारावर इथे योजनेतून उपचार होतो का? उत्तर मिळाल्यावरच पुढचे ठरवा.

तिसरे, पॉलिसीचे कागद वाचा. प्रतीक्षा काळ संपला आहे का? बिलातला किती वाटा आपल्याला भरावा लागतो? प्रतीक्षा संपलेली जुनी पॉलिसी मोलाची असते. हप्ता जड जात असेल तर नूतनीकरणाच्या वेळी विम्याची रक्कम कमी करून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. हप्त्याच्या पावतीवर तो लागलेला नाही ना, हेही पाहा.

चौथे, आई-वडील मुलाच्या कौटुंबिक पॉलिसीत असतील तर नुसते नाव कमी करू नका. त्यांच्यासाठी त्याच कंपनीची वेगळी पॉलिसी, मागची वर्षे जमेस धरून, मिळते का ते लेखी विचारा.

पाचवे, कर्ज काढून हप्ता भरावा लागत असेल आणि जवळ योजनेचे चांगले रुग्णालय असेल, तर पॉलिसी सोडण्यात कमीपणा नाही. पण वाचलेला पैसा बँकेत वेगळा ठेवा. गोळ्या, तपासण्या, गाडीभाडे त्यातूनच करायचे आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

दौलताबादहून घाटी पंधरा-सोळा किलोमीटर आहे. रात्री छातीत दुखू लागल्यावर कार्ड शोधायला वेळ नसतो. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक तास बसा. प्रत्येक ज्येष्ठासाठी एका कागदावर लिहून द्या: कोणते संरक्षण आहे, कोणत्या रुग्णालयात चालते, नूतनीकरणाची तारीख काय. आयुष्मानचा १४५५५ आणि राज्य योजनेचा १५५३८८ हे क्रमांक त्याखाली लिहा. योजनेतल्या उपचारासाठी कोणी पैसे मागितले, तर तक्रार याच क्रमांकांवर करायची.

१९३४ मध्ये वेरूळला निघालेले बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी दौलताबादच्या किल्ल्याजवळ थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी तिथल्या हौदाचे पाणी वापरले, म्हणून त्यांना शिवीगाळ झाली. किल्ला पाहताना पाण्याला हात लागू नये म्हणून त्यांच्यावर पहारा बसला. हौद सार्वजनिक होता, तरी हक्क नाकारला गेला. आज रुग्णालयाच्या दारावर तसा पहारा नाही. आता अडवते ती बहुतेक वेळा माहितीची उणीव. ती भरून काढणे आपल्या हातात आहे.

जय भीम.